जळकी तार घेऊच नका

उन्हाळा आला की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस-भिलवडी पट्ट्यात केबलचोरी सुरू होते. कृष्णाकाठी मोटरी ओळीनं बसवलेल्या, रात्री तिकडं चिटपाखरू नसतं. सकाळी शेतकरी जाऊन बघतो तर स्टार्टरपासून पाण्यापर्यंतची केबल गायब. नवीन केबलला हजारो रुपये मोजायचे, तोवर ऊस वाळतोय. चोराच्या हाती मात्र आतल्या तांब्याचा भंगारभावच पडतो.

मी मोटर रिवाइंडिंगवाला. भंगारवाल्यांशी रोजचाच व्यवहार. म्हणून ठामपणे सांगतो, नुसते चोर धरून हे थांबणार नाही. दुकानदारांनी जळकी तार घेणं बंद करायला पाहिजे.

कारण केबलची सगळी ओळख वरच्या प्लास्टिकवर असते. कंपनीचं नाव, साईज, काहींवर मीटरचे आकडेसुद्धा. ओढ्याकडेला जुन्या टायरवर टाकून पेटवली की पुरावा संपला. उरतो काळा, ठिसूळ गुंता. तो काट्यावर कुणाचाही होतो. आणि त्या धुराचं काय? पीव्हीसीत क्लोरीन असतं, त्यातनं डायॉक्सिनसारखं विष तयार होतं, वर तांबंच त्या क्रियेला हातभार लावतं. ते बसतं शेजारच्या भाजीवर.

गंमत म्हणजे जाळणाऱ्याचंही नुकसानच. फेरीवाला भंगार गावातल्या दुकानात घालतो, तिथनं माल मिरज-कुपवाडच्या मोठ्या व्यापाऱ्याकडं आणि पुढं भट्टीला. प्रत्येक ठिकाणी निवड होते. सोललेली, चकचकीत, जाड तार म्हणजे ‘मिलबेरी’, तिला सगळ्यात चढा भाव. ती वितळवून (१०८५ अंशाला तांबं वितळतं) तिचा रॉड ओढतात, त्याची परत वायर. मोटरीतली इनॅमलची तार भावात मिलबेरीच्या खाली. डाग दिलेले (म्हणजे जोड मारलेले), कथील लागलेले तुकडे आणखी खाली, कारण दुसरं काही, विशेषतः लोखंड किंवा फॉस्फरस, नुसतं नावाला मिसळलं तरी तांब्याची वीज वाहून न्यायची ताकद घटते. असला माल जामनगरला पितळी पार्टसाठी खपतो, नाहीतर विजेच्या टाकीत पुन्हा शुद्ध करून ९९.९९ टक्क्यांवर आणावा लागतो. जळक्या तारेवर ऑक्साईड आणि राख, म्हणून तिचाही भाव पडतो. घरच्या जुन्या बंबाची मोडसुद्धा डाग काढून दिली तर दोन पैसे जास्त येतात, हे किती जणांना माहीत आहे?

भंगार म्हणजे टाकाऊ असं समजू नका. २०१८ मध्ये तमिळनाडूतला तुतिकोरिनचा तांब्याचा कारखाना बंद पडला आणि शुद्ध तांबं निर्यात करणारा आपला देश आयात करायला लागला. तांबं कितीही वेळा वितळवा, नीट शुद्ध केलं तर नव्यासारखंच.

आता म्हणाल, सरकार बघतंय की. १० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर १८ टक्के जीएसटी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यानंच भरायचा. चांगलंय. पण बिलावर वजन येतं, केबल कुठल्या विहिरीवरची ते येत नाही. आणि खालच्या थराला सगळा व्यवहार रोखीतच.

‘गरीब फेरीवाल्यानं मग काय करायचं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याला उपाशी मारा असं मी म्हणतच नाही. हातानं फिरवायचं तार सोलायचं मशीन मिळतं, पाती बदलली की वर्षानुवर्षं चालतं. दुकानदारानं एक आणून काट्याशेजारी ठेवावं. ज्याची केबल त्याच्यासमोर सोलायची, आधी वरचं नाव वाचायचं, मग वजन करायचं. फेरीवाल्याला भाव जास्त मिळेल, आणि चोराला तिथं उभं राहायला जड जाईल.