चवथीच्या सुट्टीत एका रात्रीत सगळं बदलावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

शाळेच्या गृहपाठाच्या अ‍ॅपमधली ‘नवी सोय टप्प्याटप्प्याने द्या’, म्हणजे आधी थोड्यांना आणि मग सगळ्यांना, या लेखातल्या सल्ल्यावर तुम्ही तिखट लिहिलं आहे: एकाच बाकावरच्या दोघांना दोन वेगळे स्क्रीन दिसले, तर फळ्यावर कोणतं बटण काढून दाखवायचं? त्यापेक्षा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत सगळं बदलून मोकळे व्हा.

बाकाची तक्रार खरी आहे आणि लेखात ती यायला हवी होती. टप्पे ‘इतके टक्के विद्यार्थी’ असे ठरवले की हेच होणार. ४० जणांच्या वर्गात १० टक्के म्हणजे सरासरी ४ मुलं. एकालाही नवा स्क्रीन न मिळण्याची शक्यता जेमतेम दीड टक्का. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वर्ग फुटतो. खरेदीच्या अ‍ॅपला हे चालून जातं, तिथे जो तो आपापला असतो. शाळेत टप्पा तुकडीचाच हवा. सोय चालू की बंद, हे सर्व्हरने तुकडीच्या क्रमांकावरून ठरवावं: आज आठवी ‘अ’, ठीक चाललं तर पुढच्या आठवड्यात ‘ब’. शिक्षकाला ती निदान आठवडाभर आधी, सरावाच्या खोट्या तुकडीत मिळावी. दोन्ही तुकड्या शिकवणाऱ्याला काही दिवस दोन स्क्रीन सांभाळावे लागतील, तेवढा त्रास उरतोच.

अ‍ॅप स्टोअरवर यात भिस्त ठेवू नये. अ‍ॅपलचं टप्प्याटप्प्याचं वितरण ७ दिवसांचं असतं: १, २, ५, १०, २०, ५०, मग १०० टक्के. गूगल प्लेवर टक्केवारी आपण ठरवतो. पण आठवी ‘अ’ कोण, हे दोघांनाही ठाऊक नसतं. म्हणून सोय बंद अवस्थेत आधी सगळ्या फोनांवर पोचवायची आणि नंतर सर्व्हरवरून चालू करायची.

चवथीचं मात्र पटत नाही. सुट्टीत निम्मी मंडळी मूळ घरी असतात, आणि वाय-फाय असेल तरच अपडेट घ्यायचं असं सेटिंग अनेक फोनांत असतं. गोव्यात सांगे, सत्तरी, काणकोणातल्या काही वाड्यांवर रेंजच धड नाही. तिथे मुलाने दिलेलं उत्तर फोनमध्ये पडून राहतं आणि चार दिवसांनी, जुन्याच साच्यात (माहितीच्या जुन्या मांडणीत), सर्व्हरवर येतं. तुम्ही तर साचा मोडून बसलेले! शिवाय सुट्टीत अ‍ॅप फारसं कोणी वापरत नाही म्हणून चुका दिसत नाहीत. शाळा उघडते त्या सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात, तेव्हा त्या दिसतात.

उदाहरण घ्या. आज वहीच्या एकाच पानाचा फोटो पाठवता येतो, उद्यापासून अनेक पानांचे हवेत. डेटाबेसमध्ये उत्तराच्या ओळीत फोटोचा एकच रकाना आहे. तो काढायचा नाही. शेजारी फोटोंचा नवा तक्ता उभा करायचा. मग प्रत्येक नव्या उत्तराची नोंद दोन्हीकडे. जुन्या अ‍ॅपकडून एकच फोटो आला, तर ती एका फोटोची यादी समजायची. मागची उत्तरं रात्री हजार-हजारच्या गठ्ठ्यांनी नव्या तक्त्यात भरायची. एका दमात भरली तर तक्ता अडकून पडतो आणि गृहपाठ पाठवणाऱ्याला नुसतं फिरणारं चक्र दिसतं. दोन्हीकडचे आकडे जुळले की वाचणं नव्या तक्त्यातून. जुन्या अ‍ॅपकडून येणाऱ्या विनंत्या रोज मोजत राहायच्या. त्या शून्यावर आल्या, परीक्षा संपली, की जुना रकाना काढायला तुमची सुट्टी जरूर वापरा.

सगळ्यात कमी विचार होतो तो सोय परत बंद करण्याचा. मुलाने ५ पानं पाठवली, गडबड झाली म्हणून सोय बंद केली, जुना स्क्रीन पहिलंच पान दाखवतो आणि शिक्षक १ पान वाचून गुण देतात. कुठेही एरर येत नाही, म्हणून हे फार उशिरा कळतं. बंद करणं म्हणजे नवे जादा फोटो घेणं थांबवणं. आलेले फोटो दिसत राहिलेच पाहिजेत.

 

तुमच्या शाळेला अ‍ॅप पुरवणाऱ्यांना दोन गोष्टी विचारून बघा: सोय तुकडीनुसार चालू करता येते का, आणि ती बंद केल्यावर दुसऱ्या पानापासूनचे फोटो शिक्षकांना दिसतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, समोर करून दाखवायला सांगा.