एअरींच्या ‘फडताळा’बद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘अ‍ॅडम्सचा कागद एअरींनी फडताळात टाकला आणि नेपच्यून इंग्लंडच्या हातून गेला, एवढं साधं सत्य झाकायला तुम्ही लेखभर वकिली केलीत,’ असं तुम्ही नेपच्यूनच्या शोधावरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंय. (एअरी म्हणजे ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख, अ‍ॅडम्स म्हणजे केंब्रिजचे तरुण गणिती.) मतभेद असू द्या, पण ‘वकिली’ कशाला म्हणायचं? या शोधाबद्दलची त्या काळची पत्रं मी वर्षानुवर्षं मुळातून वाचत आलोय. ज्यांनी त्यातलं एकही उघडलेलं दिसत नाही, त्यांनी माझ्या हेतूवर शंका घ्यावी हे मला मुळीच पटलेलं नाही.

आता फडताळाचं. युरेनस गणिताने ठरलेल्या मार्गावरून ढळत होता, आणि त्याला ओढणारा न दिसलेला ग्रह कुठे असेल हे अ‍ॅडम्सनी काढलं होतं. ऑक्टोबर १८४५ मध्ये अ‍ॅडम्स ग्रीनिचला एक कागद ठेवून आले. त्यावर न दिसलेल्या ग्रहाचं वस्तुमान होतं, कक्षा होती, तो धरूनही युरेनसच्या स्थानांत उरणारे फरक होते. हे आकडे आले कसे, ते मात्र नव्हतं. एअरींनी ५ नोव्हेंबरला उत्तर लिहिलं. फडताळात टाकणारा माणूस उत्तर लिहितो का? त्यांनी विचारलं: या ग्रहामुळे युरेनसच्या सूर्यापासूनच्या अंतरातली चूकही सुटते का?

अ‍ॅडम्सना हा प्रश्न किरकोळ वाटला, तुम्हालाही वाटतोय. तो किरकोळ नव्हता. युरेनस प्रतियुतीत असताना सूर्य, पृथ्वी आणि तो एका रेषेत येतात, त्यामुळे युरेनसच्या गणिती कोष्टकातलं सूर्यापासूनचं अंतर चुकलेलं असलं तरी आकाशातल्या जागेत ते कळत नाही. पृथ्वी रेषेतून बाजूला गेली की तीच चूक कोनात उतरते. असे बाजूचे वेध घेऊन एअरींनी ती आधीच पकडली होती. अ‍ॅडम्सचं गणित भोगांशांवर, म्हणजे ग्रहाच्या आकाशातल्या पूर्व-पश्चिम जागेवर, बसवलेलं. ज्यावर बसवलं त्याच्याशी ते जुळणारच. अंतराशीही जुळतं का, ही खरी परीक्षा. नाही जुळलं, तर इतक्या लांब गुरुत्वाकर्षणाचा नियम तसाच लागू पडतो का, ही शंका उरतेच.

अ‍ॅडम्सनी उत्तर धाडलं नाही. एअरींनी हाच प्रश्न २६ जून १८४६ ला फ्रान्सचे गणिती ल व्हेरिएंना विचारला; त्यांनीही स्वतंत्रपणे या ग्रहाची जागा गणिताने काढली होती. त्यांनी २८ जूनला उत्तर लिहिलं. मग ९ जुलैला एअरींनीच केंब्रिज वेधशाळेच्या चॅलिसना शोध घ्यायला लिहिलं. मधल्या काळात अ‍ॅडम्सना एक स्मरणपत्र जायला हवं होतं, एवढं तुमचं म्हणणं रास्त आहे.

हातून गेला तो केंब्रिजमध्ये. चॅलिसांकडे आकाशाच्या त्या भागाचा तपशीलवार नकाशा नव्हता. म्हणून एकाच पट्ट्यातले तारे वेगवेगळ्या रात्री नोंदवायचे आणि याद्या ताडायच्या. एका यादीत आहे नि दुसरीत नाही, तो ग्रह. ३० जुलै आणि १२ ऑगस्टच्या याद्या ताडताना ते ३९व्या ताऱ्यापाशी थांबले. ग्रह ४९वा होता. बर्लिनच्या वेधशाळेत ल व्हेरिएंचं १८ सप्टेंबरचं पत्र २३ तारखेला पोचलं आणि त्याच रात्री ग्रह सापडला, कारण तिथे नवा छापलेला नकाशा होता: तिथले खगोलज्ञ गाले दुर्बिणीतून तारे सांगत होते आणि विद्यार्थी दारेस्ट ते नकाशावर पडताळत होते.

राहिला तुमचा डार्विन-वॉलेसचा आरोप: उत्क्रांतीच्या कल्पनेतलं वॉलेसचं श्रेय डार्विननी दाबलं, असा. वॉलेसचा लेख डार्विननी भूवैज्ञानिक लायेलकडे पाठवला आणि १ जुलै १८५८ ला दोघांचंही लिखाण लिनियन सोसायटीत वाचलं गेलं. यापलीकडे त्या वादात मी पडत नाही. लेख लांबल्याची तक्रार आहे, तर तो वाचायची सक्ती कुणावरच नव्हती.