पंपात बिघाड नाही

गेल्या रविवारी मी बास गिटारच्या सर्वांत जाड तारेवर रियाज करीत असताना आमच्या सोसायटीचे सचिव एका प्लंबरला घेऊन दारात उभे राहिले. ही तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि एवढा खर्ज भिंतींना जुमानत नाही. त्यामुळे खालच्या मजल्यावरून ‘पंप घरघरतोय’ अशी तक्रार गेली होती.

मी गिटार पुढे केली. सचिवांनी तारा मोजल्या.

“चारच? बाकीच्या दोन तुटल्या का?”

“बासला चारच असतात, काका.”

“मग सोपं असणार. एखादं गाणं वाजवा की.”

मी महिनोन्महिने घोटलेली, बोटांना फोड आणणारी सुरावट मनापासून वाजवली. सचिव हात बांधून, अत्यंत सौजन्याने ऐकत राहिले आणि मी थांबल्यावर म्हणाले, “हं, करा आता सुरू.”

“वाजवून झालं.”

इतका वेळ भिंतीला कान लावून उभा असलेला प्लंबर तेव्हा वळला. “साहेब, आवाज अगदी मोटरसारखाच आहे, पण चांगली मोटर अशी मधे मधे दचकत नाही.” ठरावीक लयीत टिकटिकणारा मेट्रोनोम रोज मला हेच सुनावतो, पण त्याला निदान बंद करता येते.

अशा परिस्थितीत शिकण्याचा उत्साह टिकवावा तरी कशाच्या बळावर? ध्वनिमुद्रण करून नातेवाइकांना पाठवावे, तर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून हा खर्ज जवळजवळ उमटतच नाही, आणि बोटांची टकटक ऐकून मंडळी ‘छान’ असे कळवून मोकळी होतात. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या नाचल्या. त्यांत बास वाजवणारे टोनी वाझ कितीजणांना ठाऊक आहेत? मग माझी काय कथा!

मला खरा राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. विसर्जनाच्या दिवशी डीजेच्या भिंती ज्याच्या जोरावर खिडक्यांची तावदाने आणि फडताळातली भांडी थरथरवतात, तो हाच खर्ज असतो, शिवाय माझ्या हजारपट मोठा. पण त्या दिवशी कोणी प्लंबरला बोलावत नाही. सचिव स्वतः गुलाल माखून त्या भिंतीपुढे नाचतात आणि रात्री उशिरा, कानांत दडे बसले आहेत असे अभिमानाने सांगत घरी जातात.

काल देखभाल शुल्काचे बिल आले. त्यात ‘पंप तपासणी, बिघाड आढळला नाही’ या नोंदीपुढे तीनशे रुपये लावले आहेत, आणि ही नोंद फक्त माझ्याच बिलात आहे.