बाँडवर सही केली म्हणजे कायद्याने विभक्त झालात, असं होत नाही

‘घटस्फोटाच्या भानगडीत पडू नका, विभक्त व्हा’ असा एक लांबलचक मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला असता. पण तो खानापूर तालुक्यात माहेरी राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला आला, आणि पाठोपाठ महाराष्ट्रातल्या चंदगडहून सासरचा माणूस तयार कागद घेऊन दारात आला. ‘कोर्टात कशाला जातेस गे, बाँड करून मोकळी हो.’ म्हणून आता प्रत्येक दाव्याला उत्तर देते.

‘नोटरीपुढे बाँडवर सह्या केल्या की कायदेशीर विभक्तता मिळते.’ साफ खोटं. हिंदू विवाह कायदा, 1955 चं कलम 10 वाचा. न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याची मुभा, कोर्टाच्या हुकमानेच मिळते, घटस्फोटही तसाच. नोटरीला लग्न लावायचा किंवा मोडायचा अधिकार नाही, हे केंद्राच्या कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये पुन्हा लेखी बजावलंय. काही समाजांतल्या रूढीच्या काडीमोडीला कलम 29 मान्यता देतं, तेवढं मी कबूल करते. पण तशी रूढी खरोखर आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ‘आमच्यात चालतं’ एवढ्यावर भागत नाही.

या बाँडमुळे नुकसान कुणाचं होतं, ते बघा. बहिणीपुढे ठेवलेला कागद कन्नडमध्ये होता आणि तिचं सगळं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. वाचून घेतल्यावर कळलं, आत लिहिलंय की ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत.’ वाक्य साधं दिसतं. पण पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत जे कलम 125 होतं, ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 आहे, आणि नवरा-बायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही, असं त्यातच लिहिलंय. म्हणजे मारहाणीमुळे घर सोडलेल्या बाईने स्वतःच्या सहीने नवऱ्याच्या वकिलाच्या हातात आयतं हत्यार द्यायचं! शिवाय लग्न कायमच राहतं. त्या बाँडच्या भरवशावर कुणी दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल, आणि करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरी म्हणून आलेल्या मुलीला तर बायकोचा हक्कच नाही. तिला हे कोण सांगतं?

‘सात वर्षं वेगळे राहिलात की आपोआप घटस्फोट.’ हे मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही ऐकलंय आणि दर वेळी संताप येतो. जोडीदार जिवंत असल्याचं सात वर्षांत कुणाच्याच कानावर आलं नसेल, तर त्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. तोही अर्ज करूनच. नवरा गोव्यात कामाला आहे, गणपतीला गावी येतो, तो बेपत्ता कसा? आपोआप काहीच होत नाही, सात वर्षांनीही नाही आणि वीस वर्षांनीही नाही.

‘घटस्फोटानंतर पोटगी बंद.’ खोटं. घटस्फोटितेने पुन्हा लग्न केलं नसेल आणि तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर ती त्याच कलम 144 खाली पोटगी मागू शकते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खालची कायम पोटगी विभक्तता आणि घटस्फोट या दोन्ही हुकमांत मागता येते. ‘गृहलक्ष्मीचे दोन हजार जातील’ हीसुद्धा नुसती भीती आहे. कर्नाटक सरकारच्या या योजनेचे पैसे रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात. घटस्फोटाचा तिथे संबंध नाही.

‘विभक्त बायकोचा वारसाहक्क टिकतो.’ हे अर्धं खरं आहे. कोर्टाकडून विभक्तता घेतली तर ती बायकोच राहते, आणि नवरा मृत्युपत्र न करता वारला तर विधवा म्हणून तिला वाटा मिळतो. घटस्फोटितेला मिळत नाही. उतारवयात, पुन्हा लग्न करायचं नसेल तर हा विचार करण्यासारखा आहे. मेसेजात पुढचं मात्र गाळलंय. विभक्ततेच्या हुकमानंतर वर्षभर एकत्र नांदणं झालं नाही, तर दोघांपैकी कुणीही त्याच कारणावर घटस्फोट मागू शकतो, म्हणजे नवराही. शिवाय स्वकष्टार्जित मालमत्ता तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊ शकतो.

राहिला ‘केस चंदगडलाच चालेल’ हा धाक. 2003 च्या दुरुस्तीपासून अर्ज करणारी बायको, ती जिथे राहते त्या हद्दीतल्या कोर्टात दावा लावू शकते. लग्न महाराष्ट्रात झालेलं असलं तरी.

वकिलाचे पैसे नसतील तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 ला फोन करा. उत्पन्न कितीही असो, बाईला वकील मोफत मिळतो. कन्नड कागद पुढे आला तर सासरचा किंवा नोटरीकडचा माणूस सोडून तिसऱ्याकडून मराठीत वाचून घ्या, आणि तोवर सही करू नका. माझ्या बहिणीने केली नाही. तिचा अर्ज आता कोर्टात जातोय.