सगळ्या घरांना एकच खिडकी कशी चालेल?

जुनी खिडकी काढा आणि सरसकट यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिकची) सरकती, स्लायडिंग खिडकी बसवा, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला मुळीच पटला नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बिल्डिंगमधल्या गंजलेल्या लोखंडी खिडक्यांसाठी ठीक आहे, पण तिथेही दोन पल्ल्यांची स्लायडिंग एका वेळी अर्धीच उघडते. उकाड्यात वारा हवा असेल तर बाहेर उघडणारी झडपंच बरी. स्लायडिंगच घ्यायची असेल तर खालच्या ट्रॅकला पाणी जायला भोकं आहेत ना, हे बघा. ती माती साचून बुजली की पावसाचं पाणी थेट घरात येतं.

वाड्याच्या किंवा कोकणातल्या घराच्या सागवानी खिडकीला मात्र कृपा करून हात लावू नका! वरची झडपं उघडी, खालची बंद ठेवली की उजेडही येतो आणि आडोसाही राहतो. ती खराब झाली असली, तरी बहुतेकदा चौकटीचा खालचा भागच कुजलेला असतो. चांगला सुतार तेवढाच तुकडा बदलून देतो. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको (ठळक भौमितिक रेषांच्या) शैलीतल्या इमारती २०१८पासून जागतिक वारशात आहेत. तिथे खिडकीच्या तावदानांची विभागणी बदलली की दर्शनी भागाची रयाच जाते. अशा इमारतीत काम काढण्याआधी महापालिकेच्या हेरिटेज नियमांची चौकशी जरूर करा.