‘अरबांना दांडकाच लागतो’ हा फॉरवर्ड पुढे ढकलणाऱ्यांनो, जरा थांबा

माझी भाची अकरावीत आहे, परवा वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पाठ करत होती आणि ऐकता ऐकता लक्षात आलं की अरे, हा तर तोच फॉरवर्ड जो महिनाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: अरबांच्या रक्तात लोकशाही नाही, त्यांना दांडकाच लागतो, २०११ मधले अरब देशांतले सगळे उठाव अमेरिकेनं फेसबुकवरून घडवले आणि हाती काय आलं तर अराजक. ग्रुपवर मी गप्प बसले होते, पण पोरगी हे स्टेजवर बोलणार म्हटल्यावर राहवेना.

आधी ते रक्ताचं, कारण मला सगळ्यात चीड त्याचीच आली. सुदान घ्या, अरब लीगमधलाच देश. डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाचा ब्रेड तीन पौंडांवर गेला आणि अतबारा या रेल्वेच्या गावात लोक रस्त्यावर उतरले. एप्रिलमध्ये खार्टूमला लष्कराच्या मुख्यालयासमोर ठिय्या बसला आणि ११ तारखेला लष्करानं ओमर अल-बशीरला काढलं, ३० वर्षांची सत्ता गेली. दांडकाच हवा असता तर नवा जनरल समोर उभाच होता की, जायचं घरी! कोणी गेलं नाही. तो जनरल दुसऱ्याच दिवशी पायउतार झाला तरी लोक हलेनात, घोषणा एकच, ‘मदनिया’, म्हणजे मुलकी सरकार. २३ एप्रिलला अतबाराहून अख्खी ट्रेन भरून माणसं आली, डब्यांच्या टपावर बसून, झेंडे हलवत, तीनेकशे किलोमीटर, कशासाठी तर त्या ठिय्यात बसायला. ३ जूनला लष्करी राजवटीच्या सैनिकांनी गोळ्या घालून ठिय्या मोडला, शंभरावर माणसं मेली, इंटरनेट तोडलं. तरी ३० जूनला रस्ते पुन्हा भरले, गल्लोगल्लीच्या समित्यांनी पत्रकं वाटून, तोंडोतोंडी सांगून माणसं जमवली.

फेसबुकचा मुद्दा इथेच संपला. इजिप्तचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष मुबारक, त्यानंही २८ जानेवारी २०११ ला इंटरनेट बंद केलंच होतं, तरी आंदोलकांनी भरलेला कैरोचा तहरीर चौक काही रिकामा झाला नाही.

अमेरिकेनं घडवलं म्हणे. अहो, मुबारक अमेरिकेचाच माणूस, इजिप्तच्या लष्कराला तिकडून वर्षाला १३० कोटी डॉलर यायचे. हां, बाहेरच्यांनी हात घातला हे खरंय, लिबियात नाटोनं बॉम्ब टाकले. पण बहारीनमध्ये सौदीचं सैन्य घुसलं ते राजाला वाचवायला, आंदोलन चिरडायला, हे फॉरवर्डमध्ये कुठंय?

अराजकाचं म्हणाल तर सीरियात दरआ शहरात भिंतीवर घोषणा लिहिणाऱ्या शाळकरी पोरांना पकडून त्यांचे हाल केले ते तिथल्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष असदच्या माणसांनी. कैरोत राबिया चौकात ऑगस्ट २०१३ मध्ये एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली गेली असं ह्यूमन राइट्स वॉच सांगतं, तीही सुरक्षा दलांनीच.

आता एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध का होईना. अरब बॅरोमीटर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं २०२१-२२ मध्ये नऊ देश आणि पॅलेस्टाईनमधल्या सुमारे २३ हजार लोकांना विचारलं, तर लोकशाहीत अर्थव्यवस्था ढासळते असं म्हणणारे वाढलेत. पोट भरलं नाही की माणूस वैतागणारच. पण त्याच पाहणीत प्रत्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त लोक म्हणाले की दोष असले तरी लोकशाहीच बरी. ही दोन्ही उत्तरं एकत्र वाचा, एकच उचलू नका.

ट्युनिशियाचं उदाहरणही फॉरवर्डमध्ये आहे, की बघा, २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईदनं संसद गुंडाळली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांनी वाजवल्या, खरंय. पण पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्यानं आपल्या नियमांनी संसदेची निवडणूक घेतली तेव्हा मतदान झालं जेमतेम ११ टक्के. तो आकडा कोणी फॉरवर्ड केला नाही.

भाचीला हे सगळं रात्री बसून सांगितलं. भाषण शनिवारी आहे, आणि अतबाराची ट्रेन तिनं सुरुवातीलाच घेतलीय.