तंजावरच्या देवळाची सावली पडते, आणि चांगली लांब पडते

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराबद्दलचा एक संदेश वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातले दावे असे: देवळाची सावली जमिनीवर पडतच नाही, शिखरावर 80 टनांचा एकसंध दगड आहे, तो चढवायला 6 किलोमीटर लांबीचा उतार बांधला होता, भूकंपांना दाद न देता देऊळ हजार वर्षं जसंच्या तसं उभं आहे, आणि हा इतिहास आपल्यापासून लपवला गेला. देऊळ थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद या थापांशी आहे.

आधी सावली. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, सुमारे 60 मीटर उंच, पाया सुमारे 30 मीटर रुंद. वर निमुळतं होत गेल्यामुळे सूर्य डोक्यावर असताना त्याची सावली स्वतःच्याच खालच्या थरांवर पडते, एवढाच काय तो चमत्कार. तंजावर साधारण 11 अक्षांशावर आहे, तेव्हा सूर्य अगदी माथ्यावर येतो तो एप्रिलच्या मध्यानंतर आणि ऑगस्टच्या अखेरीस. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही तो क्षितिजापासून 56 अंशांवरच असतो. गणित केलं तर सावली विमानाच्या मध्यापासून 40 मीटर जाते. पायाचे 15 वजा करा, उरलेली 25 मीटर उत्तरेच्या अंगणात पसरते. आणि देऊळ पूर्वाभिमुख असल्यामुळे कलत्या उन्हात तीच सावली नंदीच्या दिशेने लांबत जाते. फोटोंतही दिसते.

आता तो 80 टनांचा दगड. शिखराचा घुमट खालून अखंड वाटतो, पण तो अनेक तुकडे जुळवून केलेला आहे. वास्तूचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांनी हे कधीच नोंदवलं आहे. दगड एक नाही म्हटल्यावर 6 किलोमीटरच्या उताराची गरजच उरत नाही. तरी गंमत म्हणून हिशेब करू. 60 मीटर चढायला 6 किलोमीटर, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर. बोरघाटात आगगाडी 37 मीटरला एक मीटर चढते! शिवाय रुंदी फक्त 10 मीटर धरली, तरी मातीचा भराव 18 लाख घनमीटर होतो. जवळच्या सारपळ्ळम गावाशी जोडलेली ही दंतकथा आहे; दंतकथा म्हणून ती सांगावी.

भूकंपांचं थोडक्यात: तंजावर मुळात कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं.

'जसंच्या तसं' मात्र अजिबात नाही, आणि मला तरी देवळाची खरी मजा तिथेच वाटते. समोरचा अवाढव्य नंदी देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाचा नव्हे, कित्येक शतकांनंतर तंजावरवर राज्य केलेल्या नायक राजांच्या काळातला. सुब्रह्मण्याचं नाजूक कोरीव देऊळही नायकांचं. अम्मनचं, म्हणजे देवीचं, देऊळ पांड्यांच्या काळातलं. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळांच्या भित्तिचित्रांवर नायकांनी नवी चित्रं रंगवली. खालची जुनी चित्रं 1931 साली अभ्यासक एस. के. गोविंदस्वामी यांच्या नजरेस पडली. जो आला त्याने आपली भर घातली.

राहिलं लपवण्याचं. इतकं बोलकं देऊळ भारतात क्वचितच सापडेल. मी, माझ्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर कोरा, असा राजराजाचा हुकूमच भिंतीवर आहे. विमानाच्या टोकावरचा तांब्याचा कळस त्याने राज्याच्या 25व्या वर्षी, 275व्या दिवशी दिला, म्हणजे 1010 साली, हेही तिथेच कळतं. ठिकठिकाणच्या देवळांतून आणून वसवलेल्या 400 नर्तकींची नावं, कोण कुठल्या देवळातून आली, कोणत्या गल्लीत कितव्या घरात राहते आणि वर्षाला 100 कलम (धान्याचं जुनं माप) भात मिळणार, हे सारं कोरलेलं आहे. नंदादीपाच्या तुपासाठी दिव्यामागे 96 मेंढ्या लावून दिल्या आहेत. न्हावी, परीट, शिंपी, हिशेबनीस यांचे वाटे ठरलेले. शिलालेखांचे अभ्यासक हुल्ट्श यांनी हे लेख इंग्रजी भाषांतरासह 1891 पासून छापायला सुरुवात केली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ छापील असलेली गोष्ट लपवलेली कशी?

आपल्याला तर सबबच नाही. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, आणि दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास याच आवाराच्या नैऋत्य बाजूला भिंतीवर कोरवला. तोही मराठीत. आपल्याकडचे प्रवासी दर्शन घेतात, नंदीसमोर फोटो काढतात आणि दारासुरम किंवा गंगैकोंडचोळपुरमच्या चोळ देवळांची गाडी पकडतात. ती देवळं बघाच, युनेस्कोच्या यादीतही तिन्ही एकत्रच आहेत. पण निघण्याआधी नैऋत्येच्या ओवरीत अर्धा तास काढा.